हिरा आणि रद्दी

मुंबईत पाहुणे आले, की त्यांना काय काय दाखवायचं हे आमच्या घरात ठरलेलं आहे. राणीच्या बागेतले पेंग्विन, गेटवे ऑफ इंडिया, नेहरू तारांगण आणि शेवटी चौपाटीवरची भेळ! दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची दहिवडीहून आली, तेव्हाही सकाळी चहा पिता पिता मी तिला हाच कार्यक्रम सांगायला लागलो.

तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामा, पेंग्विन मागनं बघू. मला आधी टाटा हॉस्पिटलला ने."

मी दचकलोच. 'टाटा' म्हटलं की मोठ्या माणसांच्याही पोटात गोळा येतो. आमच्या लालबागच्या चाळीत तर पूर्वी त्या आजाराचं नावसुद्धा कुणी घेत नसे. "त्यांना टाटाला नेलंय," एवढंच एकमेकांच्या कानात सांगायचे आणि गप्प व्हायचे.

भाचीनं बॅगेतून एक जाडजूड खाकी पाकीट काढलं. आत तीन गोष्टी होत्या. ५,३५० रुपये, ४३ पत्रं आणि वहीच्या कागदावर लिहिलेला हिशेब.

ती आठवीत आहे. वर्गात ४४ मुलं. त्यातली एक मुलगी, भाचीच्याच बाकावर बसणारी, सात महिने शाळेत आलेली नव्हती. तिला रक्ताचा कॅन्सर झाला होता आणि आईवडील तिला घेऊन मुंबईत राहिले होते. राहिलेल्या ४३ जणांची ही ४३ पत्रं!

फळ्यावरचे किलो

पैसे कसे जमवले, ते भाचीनं मला सांगितलं. मुलांना आधी वाटलं, डबा घेऊन बाजारपेठेत फिरावं. पण वर्गशिक्षक म्हणाले, "मागून आणण्यापेक्षा मेहनत करून आणू या." मग रद्दीची युक्ती निघाली. रोज येताना प्रत्येकानं घरची, शेजारची जुनी वर्तमानपत्रं, संपलेल्या वह्या आणायच्या. वर्गाच्या कोपऱ्यात गठ्ठे बांधून ठेवायचे. शनिवारी वजन करायचं आणि फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एकूण किलो लिहायचे. तो आकडा आठवडाभर पुसायचा नाही!

एका पठ्ठ्यानं उत्साहाच्या भरात मोठ्या बहिणीची विज्ञानाची प्रयोगवहीसुद्धा रद्दीत टाकली. दुसऱ्या दिवशी ती बहीण तणतणत शाळेत आली. सगळ्या वर्गानं गठ्ठे सोडून ती वही शोधली, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं.

शेवटी ३२० किलो रद्दी जमली. १२ रुपये किलोनं ३,८४० रुपये आले. दिवाळीआधी मुलांनी आकाशकंदील करून विकले, त्याचे खर्च वजा जाता १,५१० रुपये. एकूण ५,३५०.

खरं भांडण पुढंच झालं. या पैशांचं करायचं काय? निम्मा वर्ग म्हणत होता, मैत्रिणीला भलंमोठं टेडी बेअर घेऊन द्यायचं. बाकीचे म्हणत होते, पैसेच पाठवायचे. आवाज इतका वाढला, की शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. तेव्हा सरांनी विचारलं, "तिला काय हवंय, हे कुणी तिला विचारलंय का?" वर्ग चिडीचूप. भाची सुट्टीत मुंबईला जाणार होती. म्हणून पाकीट तिच्याकडे आलं. पत्रं द्यायची, काय हवंय ते विचारायचं आणि जे काही होईल त्याची पावती आणायची, अशी तीन कामं वर्गानं तिच्यावर सोपवली होती.

आता सांगा, अशा पाहुणीला पेंग्विन कसे दाखवणार?

गावाची खोली

आम्ही लालबागहून दादरच्या बसमध्ये बसलो. भाचीनं विचारलं, "मामा, सात महिने मुंबईत राहायचं म्हणजे राहायचं कुठं? आमच्या गावाकडच्या माणसांचं इथं कोण असतं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. डॉ. आंबेडकर मार्गावरून बस चालली होती. मी तिला खिडकीतून एक जुनं धुराडं दाखवलं. आज इथे काचेचे उंच टॉवर दिसतात, पण हा सगळा भाग म्हणजे गिरणगाव. इथल्या कापड गिरण्यांत लाखो माणसं राबत असत. १९८२ चा मोठा संप झाला आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. भाचीचे आजोबा, म्हणजे माझे वडील, माण तालुक्यातून इथल्याच एका गिरणीत कामाला आले होते. ते आले तेव्हा त्यांचंही इथं कुणी नव्हतं. पण त्यांच्या गावाची एक खोली होती!

गावाची खोली ही मोठी गंमतशीर व्यवस्था होती. एकाच गावची वीस-पंचवीस माणसं मिळून एक खोली भाड्यानं घ्यायची. एक पाळी कामावर गेली, की दुसरी पाळी त्याच जागेवर झोपायची. भिंतीला ट्रंका, दोरीवर कपडे. दर महिन्याला प्रत्येकाची वर्गणी ठरलेली. गावाहून नवा पोरगा आला, की पहिला पगार होईपर्यंत त्याची वर्गणी बाकीचे भरायचे. जेवायला खानावळ. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं.

गिरण्या गेल्या. पण परक्या शहरात आलेल्या माणसाला पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळवून द्यायची या भागाची सवय गेली नाही. आता इथे कामासाठी येणाऱ्यांपेक्षा उपचारांसाठी येणारे जास्त दिसतात, एवढाच फरक.

गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा

दादर पूर्वेला हिंदू कॉलनीच्या बाजूला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. गाडगेबाबांना तुम्ही ओळखता. हातात खराटा, अंगावर चिंध्यांची गोधडी आणि डोक्यावर खापर. दिवसा गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनातून माणसांच्या मनातली जळमटं झाडायची! बाबांना लिहितावाचता येत नव्हतं. स्वतःसाठी त्यांनी घर बांधलं नाही. पण लोकांकडून आलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. १९५६ मध्ये बाबा गेले. त्यांचं काम त्यांच्या माणसांनी पुढे चालू ठेवलं. दादरच्या या धर्मशाळेत कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक अगदी थोड्या पैशांत राहतात.

आम्ही गेलो तेव्हा जिन्याजवळ एक आजोबा कोवळ्या उन्हात बसले होते. घशाला पट्टी होती. बोलता येत नव्हतं, म्हणून पाटीवर लिहून ते समोरच्या माणसाशी गप्पा मारत होते. समोरचा माणूस मराठी नव्हता. त्याला पाटीवरची मराठी वाचता येत नव्हती. तरी दोघं हसत होते! भाची बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मग हळूच मला म्हणाली, "मला वाटलं, इथं सगळे रडत असतील."

परळलाही अशा जागा आहेत. केईएमजवळ नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. फक्त मुलांसाठी काम करणाऱ्या सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स या संस्थेनं २००६ मध्ये मुंबईत सुरुवात केली. त्यांच्या केंद्रांत उपचार घेणारं मूल आणि त्याचे आईवडील विनामूल्य राहतात. प्रत्येक कुटुंबाला स्वतःची जागा आणि सामायिक स्वयंपाकघरात स्वतःचा ओटा मिळतो. आईनं आपल्या हातची भाकरी करून द्यावी, म्हणून!

४९ ग्रॅमचा हिरा

दादरहून आम्ही परळला आलो. आचार्य दोंदे मार्गावर एकामागून एक रुग्णालयंच आहेत. १९२६ साली सुरू झालेलं केईएम, लहान मुलांचं वाडिया रुग्णालय आणि शेजारीच टाटा मेमोरियल. त्याच्या समोरच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचं नाव आहे. मूळचे गोव्याचे हे डॉक्टर टाटा रुग्णालयातले नावाजलेले शल्यचिकित्सक होते.

फाटकाशी केवढी गर्दी! बंगाली, हिंदी, आसामी, मराठी, सगळ्या भाषा कानावर येत होत्या. हातात फायली, एक्स-रेची मोठी पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, वळकट्या. आम्ही आत गेलो नाही. रुग्णालय म्हणजे काही बघायला जायची जागा नव्हे. समोरच्या बाजूला सावलीत उभं राहून मी भाचीला हिऱ्याची गोष्ट सांगितली. ती तुम्हांलाही सांगतो.

जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी टाटा. त्यांनी पत्नी मेहेरबाईंना एक हिरा भेट दिला होता. त्याचं नाव ज्युबिली. वजन २४५ कॅरट, म्हणजे आजच्या कोहिनूरच्या दुपटीहून जास्त! कॅरट हे हिऱ्याचं माप. पाच कॅरट म्हणजे एक ग्रॅम. करा भागाकार. २४५ कॅरट म्हणजे जेमतेम ४९ ग्रॅम.

१९२४ मध्ये टाटांचा जमशेदपूरचा पोलाद कारखाना बुडायला आला होता. तेव्हा दोराबजींनी आपली मालमत्ता गहाण ठेवून कर्ज काढलं. त्यात हा हिराही होता. कारखाना वाचला आणि हिरा परत आला. पण १९३१ मध्ये मेहेरबाई गेल्या. त्यांना रक्ताचा कॅन्सर झाला होता. त्या काळात जगात कुठेच त्यावर औषध नव्हतं. त्यांच्या मागोमाग १९३२ मध्ये दोराबजीही वारले. जाण्याआधी त्यांनी आपली संपत्ती विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली होती. पुढे विश्वस्तांनी तो हिरा विकला आणि पैसा निधीत जमा केला. त्याच निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय उभं राहिलं. तेव्हा इथे ८० खाटा होत्या. आज ६०० हून अधिक आहेत. १९६२ पासून ते भारत सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. कॅन्सरच्या उपचारांत किरणोत्सर्गाचा उपयोग किती मोठा आहे, हे डॉ. होमी भाभांनी ओळखलं होतं. इथे येणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त रुग्णांवर जवळजवळ मोफत उपचार होतात.

भाचीनं पाकीट छातीशी धरलं होतं. ती म्हणाली, "मामा, एवढ्या मोठ्या हिऱ्यातनं हॉस्पिटल झालं. मग आमच्या रद्दीच्या पैशांचं काय होणार?"

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. म्हटलं, "चल, तुझ्या मैत्रिणीलाच विचारू."

औषध आहे, पण...

तिच्या मैत्रिणीकडे जाण्याआधी एवढं समजून घ्या. आपलं शरीर लहान लहान पेशींचं बनलेलं असतं. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात आणि हे सगळं शिस्तीत चालतं. कॅन्सरमध्ये काही पेशी ही शिस्त मोडतात आणि भराभर वाढत सुटतात. रक्ताच्या कॅन्सरमध्ये बिघडलेल्या पांढऱ्या पेशींची गर्दी होते आणि चांगल्या पेशींना जागा उरत नाही. हा आजार शिवल्यानं, शेजारी बसल्यानं, एका ताटात जेवल्यानं होत नाही. मुलानं काही चूक केली म्हणूनही होत नाही.

भराभर वाढणाऱ्या पेशींना मारणारी औषधं देतात, त्याला केमोथेरपी म्हणतात. केसांच्या मुळाशी असलेल्या पेशीही भराभर वाढतात. औषधाला दोन्हींतला फरक नीट कळत नाही, म्हणून केस गळतात. उपचार संपले, की ते पुन्हा येतात.

लहान मुलांना होणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरचा जो प्रकार सर्वांत जास्त आढळतो, त्यात पूर्ण उपचार घेतलेली बहुतेक मुलं आज बरी होतात. मेहेरबाईंच्या काळी जे नव्हतं, ते आज आहे. अडचण 'पूर्ण' या शब्दात आहे. हे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. त्यातले पहिले काही महिने रुग्णालयाजवळ राहावं लागतं. शेती कोण बघणार? मजुरी बुडाली तर खायचं काय? खोलीचं भाडं कुठून आणायचं? घरच्या धाकट्या भावंडांना कोण सांभाळणार? कितीतरी आईवडील यातच थकतात आणि उपचार अर्धवट सोडून मुलाला घरी नेतात. आजार मग परत उलटतो.

टाटा रुग्णालयातच २००९ च्या सुमारास शंभरातल्या जवळजवळ वीस मुलांचे उपचार असे सुटत किंवा सुरूच होत नसत. मग रुग्णालयानं आणि अनेक संस्थांनी मिळून या कुटुंबांची राहण्याची, खाण्याची, औषधांच्या खर्चाची सोय लावायला सुरुवात केली. मूल ठरल्या दिवशी आलं नाही, तर घरी फोन करून चौकशी होऊ लागली. काही वर्षांत हे प्रमाण शंभरात पाचांच्या आत आलं. औषध तेच होतं. मुलं औषधापाशी टिकून राहिली, म्हणून ती वाचली.

खिडकीतली भेट

मैत्रीण एका संस्थेच्या निवासात राहत होती. दारातच आम्हांला हात धुवायला लावले आणि मास्क दिले. औषधांमुळे या मुलांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. जंतूंशी लढायला शिपाईच उरत नाहीत, असं म्हणा ना! तुमची आमची साधी सर्दीसुद्धा त्यांना महागात पडू शकते. म्हणून भेट झाली ती व्हरांड्यात, मध्ये उघडी खिडकी ठेवून.

डोक्याला निळा रुमाल, तोंडावर मास्क. दोघी एकमेकींकडे नुसत्या बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडारड होणार.

मैत्रीण म्हणाली, "तू जाडी झालीस."

भाची म्हणाली, "दिवाळीचं फराळ!" आणि दोघी खिदळायला लागल्या.

मग पत्रं निघाली. एकात गणिताच्या सरांची नक्कल, एकात शाळेच्या क्रिकेट सामन्याचा धावफलक, एकात नुसतंच 'तुझी पट्टी माझ्याकडे आहे, आल्यावर देतो.' भाचीनं स्वतःच्या पत्रावर शाळेच्या अंगणातलं सदाफुलीचं झाड काढलं होतं. ते बघून मैत्रीण एकदम म्हणाली, "अगं, हे तर माझ्या इंजेक्शनात असतं!"

आम्ही दोघंही चक्रावलो. पण तिचं म्हणणं खरं होतं. आपल्या कुंपणाशी, कुंडीत, कुठेही उगवणारी ही गुलाबी-पांढरी सदाफुली. तिच्यातून मिळणाऱ्या द्रव्यांपासून व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिनब्लास्टीन ही कॅन्सरवरची औषधं तयार झाली. शास्त्रज्ञांना त्यांचा शोध १९५० च्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतरच्या काही वर्षांत लागला. रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना व्हिन्क्रिस्टीन जगभर देतात. (मात्र, मुलांनो, झाडाची पानं कुणी चघळून बघायची नाहीत हं! सदाफुली विषारी असते. तिच्यातून औषध काढणं आणि ते मोजून देणं, हे जाणकारांचंच काम.)

मैत्रिणीच्या आईनं आम्हांला चहा दिला. त्या सांगत होत्या, "भाऊ, पहिलं दोन महिनं लई वंगाळ गेलं. रातीला रस्त्याकडंला प्लास्टिक हातरून निजायचो. पोरीला ताप आला, की जीव थाऱ्यावर राहायचा न्हाई. एक दिस तर ह्यांनी बॅग भरली हुती. म्हणले, जे व्हायचं ते आपल्या गावात होऊ दे. तवाच हितली जागा मिळाली. एक खोली मिळाली बघा, म्हणून आम्ही राहिलो."

बोलता बोलता त्या थांबल्या. खिडकीपाशी दोघी मुलींचं काहीतरी गुपित चाललं होतं. आईनं पदरानं डोळे पुसले आणि चुलीवरचं दूध उतू जाईल म्हणून उठल्यासारखं केलं. तिथे चूल नव्हती, गॅस होता आणि त्यावर दूधही नव्हतं.

टेडी बेअरचा निकाल

शेवटी भाचीनं धीर करून विचारलं, "वर्गानं पैसे जमवलेत. तुला काय हवं? टेडी बेअर आणू?"

"नको बाई!" मैत्रीण म्हणाली. "केसाळ खेळणी इथं चालत नाहीत. त्यात धूळ बसते. फुलंपण चालत नाहीत. बाहेरचं खाणं तर अजिबात नाही."

तिनं जरा विचार केला. मग म्हणाली, "मला तुझ्या वह्या दे. सगळ्या विषयांच्या. मला नववीत तुमच्याबरोबर बसायचंय."

"आणि पैसे?"

मैत्रिणीनं आईकडे बघितलं. आई म्हणाली, "आमचं आता भागतंय बाळा. म्होरल्या महिन्यात गोळ्यांवर घरी सोडणार हाईत. काल एक कुटुंब आलंय, लांबनं, दोन दिवस गाडीत होती. त्यांच्याजवळ ताटवाटीसुदिक न्हाई."

भाची गप्प झाली. तिची अडचण मला कळत होती. वर्गानं पैसे जमवले होते ते आपल्या मैत्रिणीसाठी. ज्यांना कधी पाहिलंही नाही, अशा माणसांना ते परस्पर कसे द्यायचे? ४३ जणांना काय सांगायचं?

तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "वर्गाचे पैसे आहेत. वर्गाला विचार."

मग सरांना फोन लावला. सुट्टी असल्यामुळे सगळी मुलं मिळणं अवघड होतं, पण सरांनी अर्ध्या तासात पंधरा-वीस जणांना फोन केले. तोवर आम्ही व्हरांड्यात बसून होतो. परत फोन आला. दोन मुलांनी आधी नाराजी दाखवली होती. मग त्यातलाच एक म्हणाला होता, "पण तिचंच म्हणणं तसं असेल, तर तिच्याच मनासारखं झालं की!"

संस्थेच्या कार्यालयात एक ताई होत्या. त्यांनी सांगितलं, की रोख रक्कम थेट कुणाच्या हातात द्यायची नसते. कुणाला काय लागतं ते त्या विचारतात, वस्तू आणतात आणि वहीत नोंद ठेवतात. ५,३५० रुपयांत एक कुकर, तवा, दोन पातेली, चार ताटं-वाट्या आणि महिन्याचं थोडं रेशन आलं. उरलेल्या पैशांत भाचीच्या वह्यांच्या झेरॉक्स काढायचं ठरलं. ताईंनी छापील पावती फाडली आणि तिच्यावर नाव लिहिलं, 'इयत्ता आठवी.'

मी आता भाचीच्या मघाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "मामा, कुकर पोचला म्हणजे ते लोक राहतील ना रे?"

मी म्हटलं, "राहतील."

तुम्हांला काय करता येईल?

परतताना टाटासमोरच्या रस्त्यावर जेवणाची रांग लागली होती. हरखचंद सावला यांनी १९८० च्या दशकात जीवनज्योत संस्थेतर्फे इथल्या गरजू रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना मोफत जेवण द्यायला सुरुवात केली. जवळच प्रभादेवीचं सिद्धिविनायक मंदिर आहे. भाविकांनी दानपेटीत टाकलेल्या पैशांतून तिथला न्यास गरीब रुग्णांना उपचारांसाठी मदत करतो. रेल्वेनं उपचारांसाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरच्या डब्यात तिकीट माफ असतं आणि सोबतच्या एका माणसालाही मोठी सवलत मिळते. एसटीतही रुग्णाला सवलत आहे. तुमच्या ओळखीत कुणाला गरज असेल, तर हे जरूर सांगा. पुष्कळांना ते माहीतच नसतं.

तुमच्या वर्गालाही असं काही करावंसं वाटलं, तर भाचीच्या वर्गाकडून चार गोष्टी घेण्यासारख्या आहेत. आधी विचारायचं, मग जमवायचं. हिशेब सगळ्यांना दिसेल असा ठेवायचा. संस्था नोंदणीकृत आहे ना, हे मोठ्यांना बघायला सांगायचं आणि पावती घ्यायचीच. आणि आजारी मुलाचा फोटो त्याला आणि त्याच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय कुठेही लावायचा किंवा पाठवायचा नाही. आपल्यासारखंच त्यालाही वाटत असतं!

पालकांनाही एक काम आहे. उपचारांत या मुलांना पुष्कळदा प्लेटलेट्स, म्हणजे रक्तातल्या बारीक चकत्या द्याव्या लागतात. त्या पाचच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत. त्यामुळे त्या देणारी माणसं वर्षभर लागतात. अठरा वर्षांपुढच्या निरोगी माणसाला डॉक्टरांच्या तपासणीनंतर त्या देता येतात. मी स्वतः ते त्याच आठवड्यात केलं. भाचीनं मला केंद्रावर नेऊन बसवलं, असं म्हणणं जास्त खरं होईल.

पेंग्विन आम्ही दुसऱ्या दिवशी पाहिले. छान होते.

संक्रांतीच्या सुमारास भाचीचं पत्र आलं. शाळा सुरू झाली त्या दिवशी तिनं पावती वर्गात वाचून दाखवली आणि सरांनी ती फळ्याशेजारी चिकटवली. मैत्रीण जानेवारीत गावी आली. डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा टोपी घालून थोडा वेळ शाळेतही येऊन गेली. अजून गोळ्या आहेत आणि तपासणीसाठी मधूनमधून मुंबईला यावं लागतं. पट्टी ज्याच्याकडे होती, त्यानं ती परत केली.

रद्दीचा कोपरा वर्गानं बंद केलेला नाही. फळ्यावर पुन्हा आकडा चढतो आहे. त्याचा हिशेब आता ती मैत्रीणच लिहिते. कारण भाचीनं तो जमवला होता तेव्हा त्यात दोन रुपयांची चूक होती म्हणे, आणि ती मैत्रिणीनं त्या खिडकीतूनच पकडली होती!